धाकटीचा देश

माझ्या घरासमोरचा रस्ता सावंगीकडे जातो. तो ओलांडला की दुसरा देश लागतो. हे मी थट्टेने लिहीत नाही, आणि कौतुकाने तर नाहीच नाही. त्या देशाला झेंडा आहे, घटना आहे, त्याच्या नागरिकांना हक्क आहेत आणि कर्तव्यंही आहेत. तो देश माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीने स्थापन केला. मी वर्ध्याच्या एका शाळेत आयुष्यभर नागरिकशास्त्र शिकवत आले. मूलभूत हक्क झोपेतून उठवून विचारले तरी क्रमाने सांगेन. आणि मी त्या देशाची नागरिक नाही.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की तो हसतो. मी हसत नाही. माझा जीव जळतो, आणि मी ते लपवत नाही, कारण लपवून ते कमी झालेलं मला कधी दिसलं नाही.

आधी जागा सांगते. रस्त्याच्या अलीकडचा लेआऊट आमचा. मंजूर, ग्रामपंचायतीच्या हद्दीतला. एक दिवसाआड नळ येतो, खांबांवर पांढरे लाइट आहेत, सकाळी घंटागाडी गाणं वाजवत कचरा न्यायला येते. रस्त्याच्या पलीकडे नाल्यापर्यंत एक चिंचोळी पट्टी आहे, तिथे दहा-बारा घरं. कोणा शेतमालकाने घाईघाईत प्लॉट पाडून विकले होते. ग्रामपंचायत म्हणते, रस्त्यापलीकडे आमचं काही नाही, नगरपरिषदेत जा. नगरपरिषद म्हणते, आमची हद्द नाल्यापाशी संपते, ग्रामपंचायतीत जा. एकाचा नकाशा रस्त्यावर थांबतो, दुसऱ्याचा नाल्यावर, आणि मधली पट्टी दोघांनी मिळून सोडून दिली आहे. बहिणीने तिथे प्लॉट घेतला तेव्हा मी सांगितलं होतं, घेऊ नको. तिने घेतला. नंतर कित्येक वर्षं मी तिला सांगत होते की मी सांगितलं होतं.

बहीण माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. हॉस्पिटलात ओपीडीच्या खिडकीवर बसते आणि दुपारी सुटते. तिचा नवरा हिंगणघाटला जिनिंगमध्ये, रविवारी घरी. आमच्या वडिलांच्या घरात मी हुशार आणि ती हसरी अशी वाटणी फार लवकर झाली होती. मी पहिली यायची, ती पास व्हायची. माझे फ्रॉक एक टीप घालून तिला व्हायचे. माझी पुस्तकं तिच्याकडे जायची तेव्हा त्यांत माझी उत्तरं आधीच लिहिलेली असायची, तिला नुसतं वाचायचं काम. आम्ही दोघी सुखात होतो. निदान मी होते.

तिच्याकडे नळ नव्हता, तेव्हा पाणी माझ्याकडून जायचं. रस्त्याखालच्या मोरीतून आम्ही पाइप टाकला होता. नळाच्या दिवशी चारच्या सुमाराला ती मागच्या दाराने यायची, पाइप जोडायची, आणि तिकडे तिचे ड्रम भरेपर्यंत इकडे ओट्याला टेकून माझ्याकडचा चहा प्यायची. त्या वेळात आमचं सगळं बोलून व्हायचं. तिच्या मुलीची ॲडमिशन, माझ्या नवऱ्याचं गुडघ्याचं दुखणं, खिडकीवर आज कोण काय बोललं, आईची कोणती गोष्ट अचानक आठवली. नळ नसायचा त्या दिवशीही ती बरेचदा यायची; आता पाणी नाही तर आली कशाला, असं मी विचारत नव्हते. माझ्या दिवसातून ती चारची वेळ काढून टाकली तर उरतं काय? शाळा आणि पोळ्या.

देशाची सुरुवात एका दाखल्यावरून झाली. भाचीच्या ॲडमिशनला रहिवासी दाखला हवा होता. बहीण या कार्यालयातून त्या कार्यालयात गेली, आणि दोन्हीकडे तिला एकच उत्तर मिळालं: तुम्ही आमच्या हद्दीत नाही. त्या संध्याकाळी पलीकडची लाइट गेली होती. मोकळ्या प्लॉटवरच्या कडुनिंबाखाली सगळे बाज टाकून बसले होते. तिने घडलेलं सगळं नकला करून सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "आपुन कोनाच्याच हद्दीत नाई ना? मंग कायले दारोदार फिराचं? आपलंच सरकार बसवू." लोक हसले. मग हसायचे थांबले आणि बोलायला लागले. त्या बैठकीतच देशाचं नाव ठरलं: हद्दीबाहेर.

मला हे दूधवाल्याने सांगितलं. माझ्या बहिणीने देश काढला आणि मला दूधवाल्याकडून कळावं, याने पहिल्यांदा माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

चार वाजता ती आली तेव्हा मी तिला स्वच्छ प्रमाण मराठीत विचारलं. राग आला की मी प्रमाण मराठीत जाते. घरचे सगळे ओळखून आहेत. "हा काय पोरखेळ चालवला आहे तुम्ही? एक देश असताना दुसरा देश काढणं म्हणजे काय, हे कळतं का तुम्हाला?"

"अवो ताई, भारतातच हाय तो," ती म्हणाली. "तिरंगा पहिले, आमचा झेंडा त्याच्या खाली. मत देतो, टॅक्स भरतो. भारत सोडून नाई गेलो आमी. भारतानं ज्या दोन ऑफिसांत वाटून दिलं ना आमाले, त्यायच्यातून सुटलो फक्त."

मी तिचा पाइप नळाला स्वतःच जोडला आणि चहा टाकला.

मग घटना लिहायला घेतली. मला वाटलं, आता माझ्याकडे येतील. कोण येणार नाही? रस्ता ओलांडला की नागरिकशास्त्राची शिक्षिका राहते, तीही अध्यक्षाची सख्खी बहीण. मी वाट बघितली. एका रविवारी कपाटातून जुनी पुस्तकं काढून धूळही पुसली. संध्याकाळी गच्चीवर कपडे काढायला गेले तर कडुनिंबाखाली सगळे गोल बसलेले, मध्ये बहीण मांडीवर पॅड घेऊन लिहीत होती. एक एक जण काही सांगत होता आणि ती मान हलवत होती. एवढं शांतपणे ऐकून घेताना मी तिला कधी पाहिलं नव्हतं. कपडे वाळलेले होते, तरी मी ते पुन्हा पुन्हा झटकत राहिले.

लिहून झाल्यावर मात्र तिने एक झेरॉक्स मला आणून दिली. "वाचून पाह्य," म्हणाली. मी वाचलं. वऱ्हाडीत लिहिलेलं होतं. आमी, दोन्ही हद्दींनी सोडलेले लोक, अशी सुरुवात. खाली हक्क. कोणत्याही नागरिकाला दुसऱ्याच्या घरी न सांगता जेवाले बसण्याचा हक्क. लग्नाचं बोलावणं आलं तरी न जाण्याचा हक्क, अन् त्यावर कोणी तोंड वाकडं न करण्याचं कर्तव्य. रडू आलं तर कारण न सांगता रडण्याचा हक्क. मग कर्तव्यं. लाइट गेली की ज्याच्याकडे इन्व्हर्टर आहे त्याने सगळ्यांचे फोन चार्ज करून द्यावे. नाला चढला तर आधी म्हाताऱ्या माणसांना उचलावं, मग गाड्यांना. भांडण झालं तर तिसऱ्या दिवशी दोघांपैकी मोठ्याने आधी बोलावं.

'मोठ्यानेच का?' मी समासात लिहिलं. कारण माझ्या हातात नकळत लाल पेन आला होता. आयुष्यभर संध्याकाळी टेबलावर कागद आला की मी लाल पेन घेते. हाताला दुसरं माहीतच नाही. 'हक्क व कर्तव्ये यांत गल्लत.' 'अंमलबजावणी कोण करणार?' 'रडणे हा मूलभूत हक्क होऊ शकत नाही.' शेवटच्या पानावर खाली गोल काढून मी गुण दिले. पंचवीसपैकी अठरा. त्याच्या बाजूला 'प्रयत्न चांगला'.

खरं सांगते, अठरा मी कधी कोणाला सहज देत नाही. शाळेत विचारा.

बहिणीने पानं उलटून बघितली. गुणांवर तिची नजर थोडी थांबली. "बरं," म्हणाली, घडी करून पर्समध्ये टाकली आणि त्या दिवशी चहा अर्धा ठेवून गेली. पुढच्या आठवड्यात कडुनिंबाच्या खोडाला मोठा फ्लेक्स लागला. त्यावर अख्खी घटना, जशीच्या तशी, माझी एकही दुरुस्ती न घेता. रडण्याचा हक्क तर ठळक अक्षरांत. माझ्या गच्चीवरून मला तो चष्म्याशिवाय वाचता येत होता.

झेंड्याचं दुःख वेगळंच. मी दिवाळीला तिला एक साडी घेतली होती, मोरपंखी, सुती, वर्ध्यातल्या दुकानात दोन तास बसून निवडलेली. तिने ती कापून झेंडा केला. वर पांढऱ्या कापडाचा ड्रम शिवला, कारण त्या देशात सगळ्यात मोलाची वस्तू ड्रम. मी विचारलं तेव्हा ती तोंडभर हसून म्हणाली, "माह्याकडे त्याच्याहून चांगलं कापड नव्हतं ना." माझी साडी नेसली तर चार जणी बघतील, झेंडा केला तर सगळा देश बघेल, असा तिचा हिशोब. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. पण त्या हिशोबात खोट काढता येत नव्हती, त्यामुळे तो आतच राहिला.

हे सगळं मी गिळलं असतं. गिळता आलं नाही ते एकच कलम. पाडव्याला प्रत्येक नागरिकाने चिठ्ठी उचलायची आणि ज्याचं नाव निघेल ते वर्षभर त्याचं हक्काचं माणूस. त्या माणसाला कधीही हाक मारता येते, त्याच्यावर रागावता येतं, त्याच्यासमोर काहीही कबूल करता येतं, आणि त्याने ते ऐकून घेणं हे त्याचं कर्तव्य. माझ्या बहिणीच्या चिठ्ठीत कोपऱ्यातल्या घरातली बाई निघाली.

ती बाई गोंड. वनविभागाच्या नर्सरीत कामाला. फोनवर आईशी गोंडीत बोलते, रस्त्यापलीकडून ऐकू येईल एवढ्या मोठ्याने हसते आणि घराबाहेर अंबाडी लावते. तिच्याबद्दल माझी काही तक्रार नाही. बाई चांगली आहे. हीच माझी तक्रार आहे. वाईट असती तर मी बहिणीला दोन शब्द सांगितले असते.

बहीण हक्काचं माणूस चिठ्ठी टाकून शोधते, हे मी माझ्या नवऱ्याला रात्रीच्या जेवणावर सांगितलं. "मी काय मग बिनहक्काची आहे का?" मी विचारलं. तो म्हणाला, "तुम्ही बहिणी आहात. चिठ्ठी लागतच नाही तुम्हाला." नवरे असं बोलतात, त्यांना वाटतं विषय मिटला.

त्या वर्षी त्या दोघी सकाळी नाल्याच्या काठाने फिरायला जायला लागल्या. बहीण गोंडीत दहापर्यंत मोजायला शिकली आणि माझ्या ओट्याला टेकून तिने मला ते म्हणून दाखवलं. मी म्हटलं, "छान." पुढे काही विचारलं नाही. तिला पुढे सांगायचं होतं, हे मला दिसत होतं.

मग पुढच्या उन्हाळ्याच्या आधी हद्दीबाहेरने वर्गणी काढून बोअर मारली. तीन-चार दिवस मशीन घरघरत होतं, माझी भांडी फळीवर थरथरत होती. पाणी लागलं त्या दिवशी ते लोक चिखलात नाचले. भाची, बहीण, ती नर्सरीवाली, एक रिटायर्ड कंडक्टर लुंगी वर खोचून. मी गच्चीवरून बघत होते. माझ्याकडे पंचायतीचा नळ, क्लोरीन टाकलेलं पाणी, मीटर, पावती. आणि मला त्या गढूळ चिखलाचा हेवा वाटला. इतका, की खाली येऊन मी नळ सोडला आणि विनाकारण बादली भरून अंगणात ओतली.

दुसऱ्या दिवशी बहीण पाइप घेऊन आली. मोरीतून ओढून काढलेला, धुतलेला, गुंडाळून सुतळीने बांधलेला. "घे ताई तुहा पाइप. तुले झाडायले कामी येईन." मी तो घेतला आणि मागच्या खोलीत ठेवला. तिने त्या दिवशी चहा घेतला. त्यानंतर आली ती आठवड्याने, मग दोन आठवड्यांनी. यायचं कारणच उरलं नव्हतं. भांडण नव्हतं, रुसवा नव्हता, नुसतं पाणी नव्हतं. चार वाजता मी चहा दोघींचाच टाकत होते. मग नवऱ्याला गरम करून द्यायची.

एका संध्याकाळी मी ठरवलं. ती माझ्याकडे येत नाही तर मी तिच्या देशात जाईन. घटनेत सोय होती. बाहेरच्या माणसालाही नागरिक होता येत होतं. बैठकीत सगळ्यांनी हात वर करायचे, एक जरी हात खाली राहिला तर नाही. बाकी अट नव्हती. राहतं घर कुठे असावं यावर काही लिहिलेलं नव्हतं. लाल पेनाने मी तेव्हा ही त्रुटी दाखवली होती, आणि आता त्याच त्रुटीतून मी आत शिरणार होते.

नवरा म्हणाला, "आयत्या बिळावर नागोबा व्हायला चाललीस." मी म्हटलं, इतकी वर्षं या देशाला पाणी कोणी पाजलं?

मी शाळेत पंधरा ऑगस्टला नेसते ती साडी नेसले. रविवारची बैठक. कडुनिंबाखाली सतरंज्या, वर तो झेंडा. बहीण मध्ये बसली होती. तिचं पद अध्यक्षाचं नाही म्हणे, 'आवाज देणारी' म्हणतात तिला, म्हणजे जमायची हाक ती मारते. तिला मी आधी काही सांगितलं नव्हतं. मला तिचा आनंदलेला चेहरा बघायचा होता.

मी उभी राहिले आणि म्हणाले की मला हद्दीबाहेरचं नागरिक व्हायचं आहे. लोकांनी एकदम टाळ्याच वाजवल्या. कंडक्टरकाका म्हणाले, "मॅडम, तुमी कोनतं कर्तव्य कराल? इथं सगळ्यायनं एक एक घेतलं हाय." मी म्हणाले, "मी सगळ्यांना घटना समजावून सांगेन." यावर कोणीतरी हसलं, मग सगळे हसले, मलाही वाटलं चला, हसतात म्हणजे आपलं मानतात.

"मंग हात वर करा," बहीण म्हणाली. आवाज नेहमीचाच होता.

हात वर झाले. नर्सरीवालीने तर दोन्ही केले. भाचीचा वर, तिच्या बापाचा वर, काकांचा वर. मी एका बाजूने बघत आले, जसे वर्गात बघते. सगळीकडून फिरून नजर बहिणीवर आली. तिचे दोन्ही हात मांडीवर होते. एकात एक गुंतवलेले. ती माझ्याकडे बघत नव्हती, सतरंजीकडेही नाही. सरळ समोर बघत होती, ओपीडीत एखाद्याला उद्या या म्हणून सांगताना बघते तशी.

वर गेलेले हात कधी खाली घ्यायचे तेही लोकांना कळेना. मग ती म्हणाली, "एक हात खाली हाय. नाई झालं." आणि पुढचा विषय बोअरच्या मोटरचा निघाला.

मी घरी कशी आले ते मला नीट आठवत नाही. रस्ता ओलांडला, फाटक उघडलं, साडी न बदलता भाजी निवडायला बसले. मला राग नव्हता आला. राग ओळखीचा आहे, तो आला असता तर मी प्रमाण मराठीत चार वाक्यं बोलले असते आणि मोकळी झाले असते. सख्खी बहीण. बारा घरांचे लोक मला घ्यायला तयार, आणि जिच्यासाठी मी गेले तिनेच दार लावलं. मी नवऱ्याला सांगितलंही नाही. त्याला दुसऱ्या दिवशी दूधवाल्याने सांगितलं.

दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मोठ्याने आधी बोलावं, असं त्यांच्या घटनेत आहे. मोठी मी. पण मी त्यांची नागरिक नव्हते, त्यांची कर्तव्यं मला लागू नव्हती, तेव्हा मी बोलले नाही. नागरिकशास्त्राचा एवढाच उपयोग मला त्या दिवसांत झाला.

तिसऱ्या दिवशी तीच आली. पुढच्या दाराने. मी चहा टाकला. ओट्याला न टेकता ती खुर्चीवर बसली.

"मी हात वर नाई केला," ती म्हणाली.

"पाह्यलं मी."

"काऊन नाई केला, इचारत नाई तू?"

"तूच सांग."

"तू आली असती तं पहिल्या महिन्यात घटना सुधरवली असती. दुसऱ्या महिन्यात बैठक तुह्या गच्चीवर भरली असती, काऊन का तिथं लाइट चांगला हाय. अन् तिसऱ्या महिन्यात लोक मले म्हनले असते, जा, ताईले इचारून ये."

मी म्हणणार होते की असं काही झालं नसतं. पण गच्चीवरच्या लाइटचा विचार माझ्या मनात त्या दिवशी साडी नेसतानाच येऊन गेला होता. मी चहा गाळला.

"लहानपणापासून मले सगळं तुहं वापरून झाल्यावर भेटलं ताई," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखं नाही, साधंच. "फ्राक भेटले, सायकल भेटली. पुस्तकं भेटली त बी उत्तरं लिहून. पानी बी तुह्याच नळाचं. मी कधी नाई म्हनलं नाई, अन् मले वाईट बी नाई वाटलं. पन हा एक देश मी कोरा घेतला. तो तुले हात लावू द्याची माही हिंमत नाई झाली."

"ते नर्सरीवाली बरी चालते तुले."

हे माझ्या तोंडून निघालं आणि मला आवडलं नाही. पण निघालं. बहीण हसली नाही, चिडलीही नाही.

"थे माही कोनीच नाई ना," ती म्हणाली. "तिच्यापुढं मी कशी बी राह्यली तं चालते."

मी कप तिच्यासमोर ठेवला. मला जे विचारायचं होतं ते मी सरळ विचारलं. "अन् माही लहान बहीण असन्यात एवढं वाईट काय हाय?"

तिने खरंच विचार केला. मला तिचं ते आवडलं, पटकन काही गोड बोलून टाकलं नाही. दोन घोट घेतले. खिडकीतून बाहेर बघितलं.

"वाईट काईच नाई," ती म्हणाली. "सुट्टी नाई भेटत त्याच्यातून, एवढंच."

बोलायला होतं पुष्कळ. मोठं असण्यातून तरी कोणाला सुट्टी मिळते, हे होतं. तुझ्या ड्रमांसाठी मी नळाच्या दिवशी कधी माहेरी गेले नाही, लग्नाला गेले नाही, हे होतं. पण ते सगळं मी त्या क्षणी बोलले असते तर पुन्हा तिला सुट्टी मिळाली नसती, आणि तेवढं मला कळलं.

"आता कधी येशील?" मी विचारलं.

"येईन. मनात आलं का येईन." ती उठली. कप उचलायला लागली, मी राहू दे म्हटलं, तिने ठेवला.

मी फाटकापर्यंत गेले. ती रस्त्याच्या कडेला उभी राहिली. सावंगीकडून एक टिप्पर गिट्टी भरून येत होता, त्याच्या मागे कॉलेजची पोरं स्कुट्यांवर. पलीकडे कडुनिंबाजवळ ती नर्सरीवाली उभी होती, हात हलवत होती, काहीतरी ओरडून सांगत होती आणि सांगता सांगताच हसत होती. 'पाहून जाजो' हे शब्द माझ्या तोंडाशी आले. शाळेत जायला लागली तेव्हापासून प्रत्येक रस्त्यावर मी तिला ते म्हणत आले आहे, तिला जावई यायची वेळ झाली तरी. मी फाटकाची कडी घट्ट धरली आणि तोंड मिटून उभी राहिले.

ती थांबली. दोन्हीकडे बघितलं, टिप्पर जाऊ दिला, पोरांना जाऊ दिलं आणि ओलांडून गेली. पलीकडे त्या बाईने तिचा हात धरला. मी फाटक लावून आत आले.